तिसऱ्या रकान्यातली शाळा

पत्र सोमवारी दुपारी आलं आणि टाचणीबाईंनीच ते फोडलं. शाळेत येणारं प्रत्येक पाकीट आधी त्यांच्या हातून जायचं, आज अठरा वर्षं. त्या शाळेच्या क्लार्क. खरं नाव वेगळं होतं, पण बाहीला कायम पाच-सहा टाचण्या खोचलेल्या असायच्या आणि तोंडही त्या टाचण्यांच्याच जातीचं, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. मास्तर मंडळी माघारी तेच म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं. शाळेतलं सगळंच आपल्याला ठाऊक असतं, असा त्यांचा समज होता.

पत्र वरच्या कार्यालयाचं, मोजून दोन ओळींचं. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीचा शाळेचा प्रस्ताव नामंजूर. कारण? शाळेच्याच स्वयंमूल्यमापन अहवालात पालक आणि विद्यार्थी या दोघांनीही स्वच्छतागृहाबद्दल ‘उत्तम’ असा अभिप्राय दिलेला आहे.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि तोंडात मारल्यासारखं झालं त्यांना. कारण तो अभिप्राय पालकांनी दिला नव्हता की पोरांनी दिला नव्हता. तो बाईंनी दिला होता. हिरव्या, निळ्या आणि काळ्या पेनानं.

त्याचं असं होतं. स्वयंमूल्यमापन म्हणजे शाळेनं वर्षातून एकदा स्वतःच स्वतःला जोखायचं. त्यासाठी मास्तर, पालक आणि पोरं अशा तिघांकडून छापील फॉर्म भरून घ्यायचे. फॉर्मला तीन रकाने : वाईट, बरं, उत्तम. आता शे-दोनशे पालकांच्या मागे कोण फिरणार? म्हणून या शाळेत एक रीत पडली होती. शाळा सुटली की शिक्षकांच्या खोलीचं दार लावायचं, मध्ये चहाची किटली ठेवायची आणि नऊ मास्तर अधिक एक क्लार्क मिळून सगळ्या गावाच्या वतीनं लिहायला बसायचं. गणिताचे सर डाव्या हातानं लिहायचे, म्हणजे अक्षर ओळखू येत नाही. भाषेच्या बाई मुद्दाम चुका करून लिहायच्या, आणि चुका करायला त्यांना फार मेहनत पडायची. बाई स्वतः तीन रंगांची पेनं फिरवायच्या. आणि ज्या पालकांना लिहिता येत नाही त्यांचे अंगठे उठवायचे शिपाईमामा.

मामांचे अंगठे दोनच. तेव्हा बाकीची बोटंही अंगठे म्हणून खपायची. गेल्या वर्षी तीही पुरेनात, म्हणून मामांनी बूट काढला. त्या अहवालात एकूण बावीस पालक मामांच्या पायाचे होते. अहवाल मंजूर झाला. कुणाला काही वास आला नाही.

आज आला होता.

तशी सकाळच मुळात वाईट गेली होती. बाईंची धाकटी बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. तिची मुलगी याच शाळेत सातवीत. आठवडाभर तापानं फणफणली होती. डॉक्टरांनी तपासलं आणि पोरीच्या आईलाच झापलं : पोरगी दिवसभर पाणी पीत नाही, लघवी दाबून धरते, दुसरं काय होणार? धाकटी तिथून तरातरा निघाली ती थेट थोरल्या बहिणीच्या दारात. बाई शाळेत जायला निघाल्या होत्या, एक चप्पल पायात, एक हातात.

“शाळेत शिकायला पाठवलं होतं गं ताई, आजार कमवायला नाही.”

“होईल गं बरी.”

“होईल. आणि बरी झाली की शिवणाच्या दुकानात बसेल, तिच्या आत्याकडे. तिथं संडासाला कडी तरी आहे. शनिवारी येते मी दाखला न्यायला.”

“सातवीत शाळा सोडवतेस?”

“तू त्याच शाळेत बसतेस ना अठरा वर्षं? काय करतेस गं नुसती बसून?”

आपण काय केलं ते सोमवारच्या दुपारी पत्रात लेखी आलं होतं. बाई उठल्या, पत्राला टाचणी लावली आणि हेडसरांच्या खोलीत गेल्या.

हेडसर माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, आणि ती दोन वर्षं पाण्यात दगडसुद्धा पडू नये अशी इच्छा. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा कपाळावर चढवला, परत उतरवला.

“पुढल्या वर्षी परत पाठवू प्रस्ताव,” ते म्हणाले.

“पुढल्या वर्षी परत हेच उत्तर येईल. सर, यंदा फॉर्म खरे भरून घ्यायचे.”

“म्हणजे? आजवरचे काय खोटे होते?”

“मामांच्या पायाचे होते.”

“अहो, हळू बोला!” हेडसरांनी दाराकडे पाहिलं. “बाई, तुम्हाला कळतंय का? लोकांना खरं विचारलं तर लोक खरं सांगतील. मग श्रेणी घसरेल. घसरली की तपासणीवाले दर महिन्याला येऊन बसतील इथं.”

“बसू देत. चहा पाजू दोन-दोन कप. मग त्यांना जायची पाळी आली की कळेल दार नाही ते.”

हेडसरांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. “नाही जमणार. शनिवारी बाराला अहवाल जायचाय. नेहमीसारखं बसू आणि उरकून टाकू.”

“अहवालाच्या शेवटच्या पानावर दोन सह्या असतात,” बाई म्हणाल्या. “एक तुमची. दुसरी माहिती गोळा करणाऱ्याची, म्हणजे माझी. यंदा खोट्याखाली ती उमटणार नाही.”

“अठरा वर्षं उमटली की.”

“उमटली. म्हणून तर हे पत्र आलं.”

हेडसरांनी टेबलावरचा कागददाब उचलून पत्रावर ठेवला. शेवटी म्हणाले, “करा काय करायचं ते. पण शनिवारी सकाळी कागद माझ्या टेबलावर नसले तर आपली नेहमीची बैठक बसेल, आणि तुम्ही मुकाट्यानं सही कराल. कबूल?”

“कबूल,” बाई म्हणाल्या आणि निघाल्या. मागून हेडसर म्हणाले, “आणि ते पायाचं कुठं बोलू नका.”

मंगळवारी बाईंनी फॉर्म वर्गावर्गात वाटले. दोनशे अठरा पोरं, प्रत्येकाच्या दप्तरात एक. घरी न्या, आईला नाहीतर बापाला भरायला सांगा, उद्या आणा. बुधवारी सकाळी गठ्ठा परत आला, चांगला जाडजूड. बाईंना बरं वाटलं. त्यांनी पहिला फॉर्म उघडला : सगळ्या खुणा तिसऱ्या रकान्यात. दुसरा : तिसऱ्या रकान्यात. पन्नासावा : तिसऱ्या रकान्यात, आणि खाली बापाची सही, शेवटाला भोपळ्यासारखं गोल टिंब देऊन. त्याच टिंबाच्या आणखी अकरा सह्या निघाल्या. बारा बापांचं टिंब एकसारखं गोल असायला ते काय एका साच्यातून पडले होते?

बाई उठून सातवीच्या वर्गात गेल्या. फळ्यावर कालच्या तारखेखाली गणिताच्या सरांचं सुबक अक्षर होतं : ‘सर्वांनी तिसऱ्या रकान्यात खूण करावी.’

“हे काय सर?”

सर गोरेमोरे झाले. “सवयीनं हो बाई. सगळ्याच वर्गांत हात आपोआप गेला. अठरा वर्षं मीही...”

“पुसा ते.”

गठ्ठ्यात एकच फॉर्म वेगळा निघाला. कुण्या बापानं मन लावून भरलेला. शिस्त : वाईट. स्वच्छता : वाईट. अभ्यास : वाईट. खाली सूचना : ‘समजावून ऐकत नाही. तुम्ही मारलं तरी आमची तक्रार नाही.’ बाई आधी खदखदून हसल्या. मग हसू थांबलं. या माणसाला वाटलं होतं की शाळा त्याच्या पोराबद्दल विचारतेय. शाळा आपल्याबद्दल विचारेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. कसं येणार? कधी कुणी विचारलं होतं?

तो एक कागद सोडून बाकी गठ्ठा बाईंनी रद्दीत टाकला. मग वरच्या कार्यालयाचा छापील फॉर्म बाजूला ठेवून अर्ध्या कागदावर स्वतःच्या हातानं सहा प्रश्न लिहिले, सरळ आणि रांगडे, पुढे तेच तीन रकाने. प्यायला पाणी मिळतं का? संडासाला दार आहे का? मास्तर वेळेवर वर्गात येतात का? पोरगं काही विचारायला घाबरतं का? ऑफिसात काम होतं की हेलपाटे पडतात? आणि सहावा, जो छापील फॉर्ममध्येही होता, पण त्याचं उत्तर खोलीत बसून कायम ‘पूर्ण सहकार्य’ एवढंच लिहिलं जायचं : शाळेसाठी तुम्ही स्वतः काय करू शकाल? कागदाच्या डोक्यावर जाड अक्षरात लिहिलं : ‘मार्क शाळेला द्या, पोराला नाही. नाव लिहू नका.’

छापून आणले आणि शाळा सुटताना बाई फाटकाशी उभ्या राहिल्या. ऑफिसाच्या खिडकीबाहेर त्यांना असं उभं कुणी पाहिलंच नव्हतं. पालक वळून वळून बघत होते.

“नाव नको लिहायला?” एक बाई म्हणाली. “मग खरं लिहू?”

“खरंच लिहा.”

“मग दोन कागद द्या.”

एका आजोबांना लिहिता येत नव्हतं. नातवंडाला न्यायला आले होते. बाईंनी त्यांना फाटकाच्या कट्ट्यावर बसवलं, एकेक प्रश्न वाचला आणि ते सांगतील तसं लिहीत गेल्या. पाणी मिळतं, पण गरम असतं. मास्तर बरे आहेत. पाचवा प्रश्न आला तसे आजोबा सरसावून बसले.

“ऑफिसात काम होतं का, म्हणता? लिहा. खिडकीत एक बाई बसते.”

“बरं.”

“फार खवट आहे. एका दाखल्यासाठी चारदा फिरवलं मला. ‘उद्या या, उद्या या.’ माझा उद्या कधी संपेल हे काय तिला ठाऊक?”

बाईंचं पेन जरा थांबलं. खिडकीची जाळी इतकी काळी होती की आतला चेहरा आजोबांना कधी धड दिसलाच नसणार.

“किती खवट लिहू?” त्यांनी विचारलं.

“तुमच्याकडे किती रकाने आहेत?”

“तीन.”

“मग पहिला,” आजोबा म्हणाले. “लिहिलं का?”

“लिहिलं,” बाई म्हणाल्या. आणि खरंच लिहिलं होतं, आपल्याच हातानं, निळ्या पेनानं.

गुरुवारी पोरांची पाळी. बाईंनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बसवलं आणि मास्तरांना बाहेर काढलं. दाराशी शिपाईमामांना स्टूल टाकून दिलं. “मामा, कुणालाही आत सोडायचं नाही. हेडसर आले तरी.”

“यंदा माझ्या पायाला सुट्टी का हो बाई?” मामांनी बूट पुढे करून विचारलं.

“कायमची.”

पाच मिनिटांत गणिताचे सर आलेच. “मामा, माझं डस्टर आत राहिलंय.”

“डस्टर तुमच्या हातात आहे, सर.”

“दुसरं राहिलंय.”

“ते माझ्यापाशी सुखरूप राहील. जा तुम्ही.”

आत पोरं पेन चावत बसली होती. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. “बाई, खरं लिहिलं तर मार्क कापतील?”

“कोण कापतं ते मी बघते,” टाचणीबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज सवयीनं असा काही चढला की पहिल्या बाकावरची चारही डोकी खाली गेली आणि भराभर लिहायला लागली. कागद घड्या घालून खडूच्या रिकाम्या खोक्यात पडले. दोनशे पाच पोरं हजर होती, दोनशे पाच कागद आले.

मास्तरांचं घोडं मात्र अडलं. नऊ जण, आणि नऊ जणांना एकच धास्ती : हेडसर अक्षर ओळखतील. दुपारभर कुणी पेन उघडेना. शेवटी बाई शिक्षकांच्या खोलीत डोकावल्या आणि दारातच थबकल्या. नऊच्या नऊ मास्तर डाव्या हातानं लिहीत होते. दरवर्षी पालक व्हायला डावा हात लागायचा, यंदा स्वतः खरं बोलायला लागला. गणिताच्या सरांना सराव होता, त्यांचं सगळ्यांत आधी झालं.

शुक्रवारी बाईंनी ऑफिसाचं दार ओढून घेतलं आणि मोजायला बसल्या. तीन खोकी, तीन ढीग, आणि प्रत्येक दहा कागदांना एक टाचणी. संडासाबद्दल सांगायलाच नको : एकशे चार मुलींपैकी एकशे एक जणींनी ‘वाईट’वर खूण केली होती, आणि उरलेल्या तिघी बहुधा घरूनच जाऊन येत असाव्यात. चार खोल्या. दोन बिनदाराच्या, तिसरीचं दार एका बिजागरीवर लोंबणारं, चौथीचं धड पण कडी नसलेलं. मुली जोडीनं जायच्या, एक आत आणि एक दार ओढून बाहेर. हे सगळं बाईंना ठाऊक होतं. यासाठीच तर खटाटोप चालला होता. त्या झपाझपा आकडे मांडत गेल्या.

मग ‘पोरगं विचारायला घाबरतं का’ हा प्रश्न आला. घाबरतो. कुणाला? गणिताच्या सरांना, बावीस. हेडसरांना, नऊ. ऑफिसातल्या बाईंना, एकाहत्तर.

बाईंनी परत मोजलं. एकाहत्तर.

कुणी लिहिलं होतं ‘ओरडतात’. कुणी ‘खेकसतात’. एकानं नुसतं टाचणीचं चित्र काढलं होतं, आणि चित्र चांगलं होतं. बाईंनी तेही एकाहत्तरात धरलं. मग एक कागद हातात आला. बारीक, दाबून लिहिलेलं अक्षर :

‘मास्तरांच्या संडासाला दार आहे आणि कुलूप पण आहे. त्याची चावी ऑफिसात असते. अडचण आली तर मागू शकता असं वर्गात सांगितलं होतं. पण बाई ओरडतात म्हणून कुणी मागत नाही. आम्ही पाणीच पीत नाही.’

चावी बाईंच्या खुर्चीमागे खिळ्याला टांगलेली असायची. हरवू नये म्हणून तिला हातभर लांब लाकडी पट्टी बांधलेली. बाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. अठरा वर्षांत किती पोरींनी ती मागितली? त्यांना तीन आठवल्या. आणि त्या तिघींना आपण काय बोललो तेही आठवलं : ‘घरून जाऊन यायला काय होतं?’

संध्याकाळी त्या बहिणीकडे गेल्या. भाची उशाला टेकून बसली होती, ताप उतरला होता. धाकटी मुद्दाम भांडी आपटत आत राहिली. बाई पलंगाच्या कडेला बसल्या आणि विनाकारण चादर सारखी करू लागल्या.

“मास्तरांच्या संडासाची चावी माझ्याकडे असते, ठाऊक होतं तुला?”

भाचीनं मान हलवली.

“मग मागितली का नाहीस? मी तुझी सख्खी मावशी ना?”

“घरी,” भाची म्हणाली. “ऑफिसात तू मावशी नसतेस. टाचणीबाई असतेस.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला. बाई उठल्या. घरी आल्या, जेवल्या, आणि शनिवारी नेहमीपेक्षा तासभर आधी शाळेत हजर झाल्या. पहिलं काम, खुर्चीमागची चावी काढली आणि ऑफिसाबाहेर व्हरांड्यात, पोरींचा हात पोचेल अशा खिळ्याला टांगली. कुणाला विचारायचं नाही, काढायची आणि लावायची.

दुसरं काम मामांनी आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं. पालकांच्या कागदांत सहाव्या प्रश्नाला बहुतेकांनी रेघ मारली होती. पण एक कागद असा होता : ‘मी सुतार आहे. मुलगी सहावीत आहे. दारांचं आम्हाला कुणी सांगितलं नाही. फळ्या असतील तर शनिवारी सकाळी येतो.’ नाव नव्हतं, पण गावात सुतार काय शंभर नसतात. मामा दुसऱ्याच घरी नेमके पोचले होते.

सुतार सातलाच आला. पाठीमागच्या खोलीतले मोडके बाक बाहेर काढले, त्यांच्या फळ्या ठोकून बघितल्या आणि म्हणाला, “लाकूड अजून दणकट आहे. पोरं तेवढी उठून गेली.” साडेदहापर्यंत एका बिनदाराच्या खोलीला दार बसलं, चौथीला कडी लागली. नव्या दारावर जुन्या पोरांनी कर्कटकानं कोरलेली नावं तशीच होती. रंधा मारू का, असं त्यानं विचारलं तर मामा म्हणाले, राहू दे, तेवढीच सोबत.

हेडसर ठोकाठोकीच्या आवाजानं आले. दार उघडलं, लावलं, आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

“बाई! झालं की काम! आता अहवालात खुशाल ‘उत्तम’ लिहा. खरंही होईल आणि श्रेणीही राहील.”

“पोरांना गुरुवारी विचारलं. गुरुवारी दार नव्हतं.”

“अहो, पण आज आहे ना?”

“एक आहे. दुसरं नाही, तिसरं लोंबतंय. सुतारानं आपल्या जिवावर एक बसवलं म्हणून सरकारनं उरलेली दोन बुडवायची का? गुरुवारचंच लिहिलंय मी.” बाईंनी अहवाल पुढे केला.

हेडसर उभ्या उभ्या वाचत गेले. सातव्या पानावर थांबले. त्यांनी आवाज खाली आणला. “हे काय? ‘कार्यालयीन कर्मचारी : विद्यार्थ्यांपैकी एकाहत्तर जणांना भीती वाटते. पालकांपैकी अडतीस जणांना एका कामासाठी तीनपेक्षा जास्त हेलपाटे.’ बाई, हे तुमच्याबद्दल आहे.”

“हो. अक्षरही माझंच आहे.”

“काढून टाका. ऑफिसातलं ऑफिसात राहू द्या. तुमच्या नोंदवहीत लागेल हे.”

बाईंच्या मनात आलं नाही असं नाही. एक पान काढायचं, टाचणी परत लावायची. अठरा वर्षांत टाचणीनं किती पानं आली आणि गेली. पण त्यांचा हात काही टाचणीकडे गेला नाही.

“हे पान काढलं तर दाराचं पानही काढावं लागेल, सर. दोन्ही एकाच खोक्यातून आलीत. एकाला खोटं म्हटलं की दुसऱ्याला खरं कोण म्हणणार?”

“तुम्ही हट्टी आहात.”

“तेही लिहायचं राहिलंय. आठव्या पानावर जागा आहे.”

हेडसरांनी खिशातून पेन काढलं, जरा झटकलं आणि सही केली. त्याखाली बाईंनी. साडेअकराला मामा पाकीट घेऊन सायकलवर टांग मारून निघाले.

बाई खिडकीत येऊन बसतात तो समोर धाकटी उभी. हातात पिशवी, तोंड घट्ट मिटलेलं. मागे भाची, अंगात स्वेटर, नजर जमिनीवर.

“दाखला,” धाकटी म्हणाली.

बाईंच्या जिभेवर ‘उद्या या’ आलंच होतं. अठरा वर्षांची जीभ ती, तिलाही आपोआप चालायची सवय. त्यांनी ते गिळलं. कपाटातून शाळा सोडल्याच्या दाखल्यांचं पुस्तक काढलं, धाकटीच्या डोळ्यांदेखत उघडलं, पेनाचं टोपण काढलं.

“लिहिते. तुला एकही हेलपाटा पडणार नाही. पण आधी मागे जाऊन दार बघून ये.”

“कुठलं दार?”

“जा तर.”

धाकटी गेली. भाची तिथंच उभी राहिली, खिडकीच्या जाळीला बोट लावून. मागच्या बाजूनं आवाज आला : कडी सरकली, उघडली. परत सरकली. मग जोरात सरकली, कुणीतरी बाहेरून धक्का मारून बघावा तसं दार दणदणलं आणि उघडलं नाही. बहुधा तिनं सुतारालाच धक्का मारायला लावला असणार. धाकटी तशीच होती, लहानपणापासून.

तेवढ्यात पाचवीतली दोन वेण्यांची एक पोर व्हरांड्यात आली, खिळ्यावरची चावी लाकडी पट्टीसकट काढली आणि खिडकीकडे बघत तिथंच घुटमळली.

“काय गं?” बाई म्हणाल्या. आवाज चढलाच.

पोर दचकली. चावी परत खिळ्याकडे निघाली.

“अगं, ने की,” बाई म्हणाल्या. या वेळी हळू म्हणाल्या, आणि ते त्यांना इतकं जड गेलं की भाचीला हसू आलं. “ने. आणि पट्टी घसरून पाय सुजवून घेऊ नकोस, जड आहे ती.”

पोर पळाली. धाकटी परत आली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“बाकीची दारं?”

“अहवाल गेलाय. दोन दारं मागितलीत. नाही आली तर पुढल्या शनिवारी मी स्वतः जाऊन बसेन त्यांच्या पायरीवर.”

“त्यांना ते परवडणार नाही,” धाकटी म्हणाली. मग उघड्या पुस्तकाकडे बघून म्हणाली, “लिहिलंस का काही?”

“अजून नाही. नावापर्यंत पोचले नाही.”

धाकटीनं पोरीकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

“मग टोपण लाव पेनाला. शाई वाळतेय,” ती म्हणाली, आणि पोरीच्या पाठीवर एक हलकी थाप मारून तिला सातवीच्या वर्गाकडे ढकललं. “आणि पाण्याची बाटली रिकामी करून आण. मी मोजणार आहे.”

बाईंनी टोपण लावलं आणि दाखल्यांचं पुस्तक कपाटात टाकलं. खिडकीशी आता नातवाचा हात धरून एक आजोबा येऊन उभे राहिले होते. ते जाळीतून आत बघत होते, डोळे बारीक करून.

“तुम्ही... त्या दिवशी फाटकाशी कागद घेऊन...”

“हो,” टाचणीबाई म्हणाल्या. “बसा. काय काम आहे? आजच करते.”